वेणूला मारलेली हाक

भूतखेत, चकवा, करणी, नजर... यातलं काहीच मी मानत नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे खाली कोणी मला लिंबू-मिरचीचे उपाय लिहीत बसायला नको. आमच्या गावात एका बाईच्या अंगात यायचं. मी तिला भर आरतीत विचारलं होतं – देवी आलीच आहे तर माझी विळी कुठे हरवली तेवढं सांग. तिला सांगता आलं नाही. विळी पुढे कोंबड्यांच्या खुराड्यामागे सापडली, कोणाच्याही अंगात न येता. माझ्यापुरता तो विषय संपला.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मोबाईलवर एका बोटाने लिहिते आहे. घडलं तसंच लिहिते, वाढवून नाही.

आम्ही उमेळ्याचे. घरामागे पूर्वी आमची वाडी होती. केळी, पानवेल, मोगरा, मधे विहीर आणि पार टोकाला बावखल – म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. आता बावखल बुजवून त्यावर इमारत झाली, विहिरीवर लोखंडी झाकण बसलं आणि घराच्या चारी बाजूंना पेव्हर ब्लॉक आले. माती बघायची तर पुढच्या अंगणातल्या तुळशीत. त्याबद्दल मला रडायचं नाही. पाठ मोडेपर्यंत पाणी शेंदलंय मी त्या विहिरीचं.

माझी नात ऋतुजा. मुंबईतली बरी नोकरी सोडून घरी बसून कॉम्प्युटरवर खेळायचा गेम बनवायला लागली. तिच्या जोडीला भुईगावचा ब्रायन – तो गेममधले आवाज करतो, पक्षी, पाणी, दार वाजणं वगैरे. गेमचं नाव ‘सांजवाडी’. आमचीच वाडी, जुनी होती तशी, मला विचारून विचारून तिने कॉम्प्युटरमध्ये उभी केली. खेळणारा माणूस म्हणजे वाडीतली एक मुलगी. तिने दिवसभर वाडीत काम करायचं आणि संध्याकाळी घरातून हाक आली की परत यायचं. हाक आली म्हणजे दिवस संपला. मग दुसरा दिवस. एवढंच. मी म्हटलं, हे आम्ही फुकट करत होतो, लोक पैसे देऊन कशाला करतील? पण करतात.

हा गेम पूर्ण व्हायच्या आधीच विकायला ठेवला होता. त्याला ‘अर्ली अॅक्सेस’ म्हणतात. लोक अर्धवट गेम घेतात, खेळतात, चुका सांगतात, ही मुलं दुरुस्त करून नवं व्हर्जन देतात. सगळं झालं की मग ‘फुल रिलीज’.

“म्हणजे भाजी अर्धी शिजली की पाहुण्यांना वाढायची आणि मीठ किती घालू ते त्यांनाच विचारायचं,” मी म्हटलं.

“अगदी बरोबर, आजी,” ऋतुजा म्हणाली. “आणि पाहुणे जाम शिव्या घालतात.”

ती संध्याकाळची हाक माझ्या आवाजात आहे. एका संध्याकाळी मला मागच्या दारात उभं केलं, ब्रायनने तोंडापुढे माईक धरला. ऋतुजा म्हणाली, “कोणाचंही नाव घे आजी. छोटं, लांबवता येईल असं. मुलीचं नाव तेच ठेवू.”

मी तोंड उघडलं आणि जे नाव आलं ते आलं. “वेणूऽऽ... ए वेणूऽऽ, ये गं घरीऽऽ!”

ब्रायन खूश. “आजी, एका टेकमध्ये! तुम्ही तर प्रो निघालात.”

आता वेणू कोण ते सांगते. वेणू माझी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा परकर-पोलक्यात होती. पुढे मोठी झाली, माझ्याबरोबर वाडीत राबली. भांडखोर होती, माझं तिचं रोज वाजायचं. पण कामाला वाघ. जेवायला हाक मारली की वाडीच्या टोकावरून ओरडायची, “आलेऽऽ!” आणि मग मागच्या मोरीत हात धूत बसायची. नखातली माती निघेपर्यंत ताटावर यायची नाही. “आले गं वहिनी, हात धुते.” इकडे भात थंड. रोजचं होतं ते.

एका दुपारी बावखलाकडे गवत कापायला गेली ती परत आली नाही. विहिरीत गळ टाकले, बावखल उपसलं, खाडीपर्यंत माणसं गेली. पोलीस झाले. विळा सापडला, गवताचा भारा सापडला, ती नाही. पळून गेली म्हणावं तर कोणाबरोबर? तशातली नव्हती. असती तर मला आधी कळलं असतं.

माझ्या सासूबाई रोज दिवा लावताना मागच्या दारात उभ्या राहून तिला हाक मारायच्या. बरेच दिवस मारली. मग एक दिवस थांबल्या आणि आम्हा सगळ्यांना सांगितलं, “आता या दारातून कोणी तिला नावाने हाक मारायची नाही. यायची असेल तर आपल्या पायाने येईल. हाक मारून आणलेलं माणूस कसं येईल, सांगता येत नाही.”

सासूबाई गेल्या, नवरा गेला, पण ते कोणी मोडलं नव्हतं. मी मानत नाही, पण मोडलंही नव्हतं. त्या दिवशी माईकपुढे मोडलं गेलं. मला तेव्हा काही वाटलं नाही. गेममधली हाक ती, तिला काय होतंय?

अर्ली अॅक्सेसमध्ये गेम बरा चालला. एक दिवस ऋतुजा आणि ब्रायन मागच्या खोलीत हमरीतुमरीवर आलेले. ऋतुजाचं टेबल त्या मागच्या खोलीत असायचं. खोलीला लागून मोरी, आणि मोरीशेजारी ते मागचं दार.

“अरे, टाकलंस तर सांगायचं ना मला!”

“मी कशाला टाकू? मला वाटलं तूच रेकॉर्ड केलंस.”

झालं होतं असं की खेळणाऱ्या कोणीतरी लिहिलं होतं – आजीच्या हाकेला तळ्याच्या बाजूने जे लांबून उत्तर येतं ते फार आवडलं. आणि या दोघांनीही कुठलं उत्तर टाकलेलं नव्हतं.

“आजी, तू ऐक जरा. तुझाच आवाज परत फिरून येतोय का?” ऋतुजाने माझ्या कानांवर हेडफोन चढवला.

माझी हाक आली. मग क्षणभर नुसते पक्षी. मग लांबून, केळींच्याही पलीकडून... “आलेऽऽ!”

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “माझा नाही तो आवाज,” म्हटलं आणि भाजी निवडायला गेले. अर्धा तास मी गवार निवडत होते. नंतर बघते तर शेंगा टाकल्यात कचऱ्यात आणि देठं ताटलीत.

ब्रायनने सगळं शोधलं. तशी फाईलच नव्हती कुठे. एकेक करून सगळे आवाज बंद केले, पक्षी, वारा, पाणी. नुसती माझी हाक ठेवली तरी उत्तर यायचं. हाक बंद केली की उत्तरही बंद. त्याने हसत सांगितलं, पण हसू चेहऱ्यावर बसत नव्हतं.

पुढचं व्हर्जन आलं. आता उत्तर बावखलाकडून येईना, विहिरीपाशी येऊ लागलं. ते मला कोणी सांगायला नको होतं, माझीच वाडी होती ती. त्याच्या पुढच्या व्हर्जनमध्ये चाफ्याखाली. चाफा म्हणजे मागच्या दारापासून हाकेच्याही अलीकडे. मग खेळणाऱ्यांनाही कळलं. त्यांना मज्जा वाटत होती, वेगवेगळ्या देशांतले लोक पैजा लावत होते की मुलगी शेवटी दिसणार कधी. फुल रिलीजला दिसणार असं बहुतेकांचं मत होतं.

माझी झोप त्याने उडाली. सासूबाई एकट्या हाक मारायच्या, ती एका दारातली एक हाक. आणि इथे? हजारो लोक आपापल्या घरात बसून, दर थोड्या वेळाने, माझ्या आवाजात, तिला बोलावत होते. दिवस नाही, रात्र नाही. फुल रिलीज झाल्यावर आणखी किती बोलावणार होते देव जाणे. आणि ती येत होती. जिथे येत होती त्या दाराशी माझी नात पाठ करून बसलेली असायची, कानात ते हेडफोन घालून.

वेणू आली असती तर मी चार शिव्या घालून घरात घेतली असती. पण येतंय ते वेणूच कशावरून?

रिलीज आठवड्यावर आला तेव्हा त्यांनी शेवटचं व्हर्जन तयार केलं. ब्रायन मोठे स्पीकर लावून ऐकत होता, मी चहा घेऊन गेले. भर दुपार होती. माझी हाक वाजली. उत्तर आलं ते स्पीकरमधूनच, पण इतकं जवळून की ब्रायनने गर्रकन मागे वळून दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. त्याने क्रुसाची खूण केली आणि चहा तसाच ठेवून उठला.

मी ऋतुजाला तेव्हाच सांगितलं, “ही हाक काढ.”

“आजी, वेडी आहेस का? ट्रेलरमध्ये तीच हाक आहे! लोक तुझ्या हाकेचे व्हिडिओ करतात. आता काही बदललं आणि दुसरंच काही बिघडलं तर?”

“तर बिघडू दे.”

“तीन वर्षं घातलीत मी यात. पहिल्या दिवशी गेम बंद पडला तर परत कोणी ढुंकून बघत नाही. कळतंय का तुला?”

“आवाज माझा आहे ना? मी देत नाही. जा, कोणाकडे तक्रार करायची ती कर.”

ती रडली. मी रडू दिलं. रात्री माझ्याशी न बोलता जेवली. सकाळी ब्रायनच म्हणाला, “ऋतू, बदलू या. मी करतो सगळं, तू फक्त चेक कर. मला तो आवाज ठेवून रिलीज करायचा नाहीये.” तेव्हा तिने ऐकलं. वेणू कोण ते मी तेव्हाही सांगितलं नाही. कशाला? तिला त्याच खोलीत बसायचं होतं.

संध्याकाळी परत मागच्या दारात उभी राहिले. ठरलं होतं नुसतं, नाव न घेता, “चला गं घरी, दिवा लागला” असं म्हणायचं. ब्रायन पुढच्या खोलीत वायर आणायला गेला. ऋतुजा फोनवर. मी एकटी दारात, समोर पेव्हर ब्लॉक, उभ्या स्कूटर.

आणि माझ्या मनात आलं, की आता हाक बंद करायची म्हणजे काय? तिला बावखलापासून दारापर्यंत आणलं कोणी? मीच. आणि पायरीवर आणून दार लावून घ्यायचं? ज्याला बोलावलं त्याला उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवत नाहीत आमच्यात. भिकाऱ्यालाही नाही. सासूबाईंचं म्हणणं मला आठवत होतं. तरी मी हळूच म्हटलं, “ये वेणू. आत ये. पुरे झालं आता.” आणि दारातून बाजूला झाले.

काही झालं नाही. वाराही आला नाही. ब्रायन वायर घेऊन आला, मी नवी हाक दिली, तिघांनी चहा घेतला.

रिलीज झाला. गेम बंद पडला नाही, उलट पहिल्याच दिवशी चांगलं लिहून आलं. नव्या हाकेला कोणी उत्तर देत नव्हतं. काही जुन्या खेळणाऱ्यांनी तक्रार केली – दुसरा आवाज का काढला? ऋतुजाने लिहिलं, आम्ही काढला नाही. ते खरंच होतं.

त्या संध्याकाळी घरात मुलाने सगळ्यांना बोलावलं होतं. माझा मुलगा, सून, ऋतुजा, ब्रायन, मी. एवढेच, मोजायला बोटं पुरतात. पानं घेतली आणि मी सवयीने ओरडले, “चला रे, जेवायला या!” सगळे पुढच्या खोलीत माझ्यासमोर येऊन बसले.

आणि मोरीतून आवाज आला. ओरडून नाही, घरातलं माणूस बोलतं तसा.

“आले गं वहिनी, हात धुते.”

सून वाढत होती, ती वाढतच राहिली. मुलाने वरण मागितलं. ऋतुजा मोबाईलमध्ये. ब्रायनचा हात मात्र पानावर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. “आजी... आत कोण आहे?”

“कोणी नाही. जेव.”

मी उठून आत गेले. मोरीतला नळ बंद होता. फरशी ओली होती. जाळीवर मूठभर ओली माती, काळी, वाडीतली. मी जाळी धुतली, मोरी पुसून कोरडी केली आणि येऊन जेवले. सकाळी मोरी परत ओली होती. प्लंबरने सगळं उघडून बघितलं, गळत कुठेच नाही म्हणाला.

ब्रायनच्या घरी, भुईगावला, जुन्या लॅपटॉपवर जुनं व्हर्जन अजून आहे. त्याने ते लावून बघितलं. माझी जुनी हाक तशीच वाजते. तिकडून आता काही उत्तर येत नाही. मला तो एवढंच म्हणाला आणि तेव्हापासून आमच्याकडे मागच्या खोलीत येत नाही, पुढेच बसतो.

हे काय होतं, मला माहीत नाही. माझ्या शिक्षणाबाहेरचं असेल तर ब्रायनच्याही बाहेरचं आहे. कोणाला कळलं तर लिहा. उपाय नकोत. मी अजूनही यातलं काही मानत नाही. फक्त जेवायला कोणाला हाक मारत नाही – प्रत्येकापाशी जाऊन खांद्याला हात लावून सांगते. हात धुवायला गेलेलं माणूस कधी ना कधी पानावर येऊन बसतं, आणि ती अजून आलेली नाही.

ऋतुजाचं टेबल मी पुढच्या खोलीत हलवायला लावलं. कारण विचारलं तिने. मी सांगितलं, मागे ओल येते. खोटं नाही ते.