पहिल्या रोजापासून

माझ्या बायकोला माझ्याबद्दल बरंच ठाऊक आहे. हे नाही. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभ्या राहणाऱ्यांनाही नाही. अब्बांना सांगायचं होतं — असं मी स्वतःला सांगतो. पण खरंच सांगायचं होतं का? ते आजारी असताना मी महिनाभर त्यांच्या उशाशी बसलो, कुलरच्या आवाजाबद्दल, पेट्रोलच्या भावाबद्दल बोलत राहिलो, आणि ते गेले.

हे घडलं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. नागपुरात, कोराडीच्या रस्त्याला, दोन खोल्यांत आम्ही तिघं — अब्बा, माझी मोठी बहीण नसरीनआपा आणि मी. अम्मी आधीच गेली होती. अब्बा कोळशाचा ट्रक चालवायचे, आपा घर चालवायची. मी कॉलेजात होतो, आणि — हसू नका — घरचा मौलवीही मीच होतो.

रोजा कशानं तुटतो आणि कशानं नाही, हे मला तोंडपाठ होतं. भुलून खाल्लं तर तुटत नाही, आठवताच थांबायचं. उलटी आपसूक झाली तर तुटत नाही. जाणूनबुजून एक घोट घेतला, तर तुटला. अब्बा संध्याकाळी काळेठिक्कर होऊन यायचे आणि विचारायचे, दिवसभर घशात कोळशाची धूळ जाते, तिचं काय? मी म्हणायचो, तुम्ही मुद्दाम थोडीच गिळता, काही होत नाही. मग त्यांचा चेहरा असा सैल व्हायचा... ट्रकवरची इतर माणसंही त्यांच्यामार्फत मला विचारायला लागली होती.

त्या वर्षी रमजान नवतपात, मेअखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत, आला होता. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. मी कॉलेजातून पेपर देऊन लवकर आलो, तर आपा स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून पाणी पीत होती. मी दिसताच तिनं गिलास खाली ठेवला.  

संध्याकाळी अब्बांबरोबर ट्रकवरचे दोघं इफ्तारला आले होते. आपा खजूर ठेवून आत वळली, आणि अब्बा कौतुकानं त्या दोघांना म्हणाले, एवढ्या उन्हात पोरीनं एक रोजा सोडला नाही. तेव्हा मी बोललो.

"आपाचा रोजा नाही, अब्बा. चोरून पाणी पेते ते. पहिल्या रोजापासून पाहून राह्यलो मी."

पहिल्या रोजापासून. मी तिला पाहिलं होतं एकदा, त्याच दुपारी.

अब्बांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "पाणी पेली का वं तू?"

तीन पुरुष तिच्याकडे बघत होते. त्यांच्यासमोर ती काय सांगणार होती? ती म्हणाली, हो, तहान लागली होती. अब्बा म्हणाले, मग उद्यापासून पहाटे सहरीला आमच्यासाठी उठू नको, मी माझं पाहीन. आणि तिच्या हातचं सरबत न घेता त्यांनी माठातलं पाणी घेतलं.

तुम्ही म्हणाल, पोरगंच ते, कळलं नसेल. मला कळलं होतं. नऊ-दहा वर्षांचा असताना मी अम्मीला रमजानात भाकरी खाताना पाहिलं होतं आणि ओरडत अब्बांकडे निघालो होतो. तिनं हात धरून मला जवळ बसवलं. बायांना महिन्यातले काही दिवस अल्लानंच सुट्टी दिलेली असते, म्हणाली. त्या दिवसांत रोजा होतच नाही, नंतर भरून काढायचा. आणि कोणी दिसली तर न पाहिल्यासारखं करायचं. आपाचीही तीच सुट्टी होती. म्हणून तर मी ‘पहिल्या रोजापासून’ म्हणालो — ‘आज’ म्हणालो असतो, तर अब्बांना समजलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या सुट्टीतही आपानं पाण्याला हात लावला नाही. कुणी बघेल म्हणून. तिसऱ्या दुपारी टँकरवर पाणी भरायला गेली आणि डोक्यावरच्या भरल्या गुंडीसकट रस्त्यावर कोसळली. दवाखान्यात तिला सलाईन लावलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी अब्बांना बाजूला घेतलं. मी लांब बाकावर होतो, ऐकू काही आलं नाही. अब्बांची मान खाली जाताना मात्र दिसली.

ते येऊन शेजारी बसले. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरगा तू. तुले काय माहीत असते? मले समजाले पाहिजे होतं."

तिथं एक शब्द पुरला असता — माहीत होतं. मी तो हात डोक्यावर तसाच राहू दिला. पहिल्या रोजापासून म्हणालास ते कसं, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. सगळा दोष स्वतःकडे घेतला. त्यानंतर रमजान आला की ते ट्रकच्या सुट्टीच्या दिवशीही दुपारभर घराबाहेर राहायचे, उन्हात, मशिदीच्या ओट्यावर. आपाला घर मोकळं मिळावं म्हणून. मरेपर्यंत.

पण मी ते का केलं? इथवर मी मनात अनेकदा आलोय आणि इथूनच परत फिरलोय.

आपाला पाणी पिताना पाहिलं, त्याच दिवशी सकाळी मी कॉलेजजवळच्या पानठेल्यावर उभा होतो. गालात खर्रा होता, तंबाखू-सुपारीचा. भुलून नाही — रोजा आहे हे पक्कं ठाऊक असताना, मित्रांत मिरवायला. वर मान केली तर समोर आपा, भाजीची पिशवी घेऊन. तिनं माझ्या गालाकडे पाहिलं आणि चालू लागली. पेपर लिहितानाही मला वाटत राहिलं, आज ही अब्बांना सांगणार. आणि दुपारी तिचा गिलास दिसला. मला काय वाटलं असेल? सुटलो, असं वाटलं; आता हिचं कोण ऐकणार?

दवाखान्यात अब्बा औषध आणायला गेले, तेव्हा ती शुद्धीवर होती. मी पायथ्याशी उभा. माझ्याकडे न बघता, सुकलेल्या ओठांनी ती म्हणाली, "मी सांगणार नव्हती गा."

बस. त्यानंतर ना तिनं तो विषय काढला, ना मी.

जाणूनबुजून तोडलेल्या रोजाचं प्रायश्चित्त, कफ्फारा, असतो — सलग साठ रोजे. मला अर्थात तोंडपाठ होतं. त्या हिवाळ्यात मी ते धरले, दिवस लहान असतात म्हणून. अब्बांना वाटलं, पोरगं फार दीनदार झालं, धर्माचं पक्कं. ट्रकवर सगळ्यांना सांगत फिरले. आपाला मात्र ते साठ कशाचे आहेत हे पहिल्याच पहाटे कळलं असणार. थंडीत ती रोज माझ्याआधी उठली, पोळ्या टाकल्या, ताट वाढलं, मी जेवेपर्यंत बसून राहिली.

मी जेवत होतो. त्या साठांतला एकही रोजा तिच्यासाठी नव्हता.