अंबाडीवरच्या अळ्या

सासूबाई दुबईला येणार हे ठरलं तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यांना फोनवर सगळ्यात आधी बजावलं ते खसखशीचं. खसखस आणायची नाही, डब्याच्या तळाशी दाणासुद्धा राहता कामा नये, अनारशांवर लावलेलीही चालणार नाही. तिथल्या प्रत्येक मराठी घरात पाहुण्याला हीच पहिली सूचना असायची, कारण तिकडे खसखस म्हणजे अफू आणि अफू म्हणजे तुरुंग. सासूबाईंनी डबा रिकामा केला, घासला, उन्हात वाळवला आणि तरी भीतीपोटी तो गावीच ठेवला. बरोबर आणली ती अंबाडीच्या बियांची पुरचुंडी. तिच्याबद्दल कुणी काही म्हटलंच नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही दुबईच्या ऊद मेथा भागात एका जुन्या व्हिलाचा तळमजल्याचा भाग भाड्याने घेऊन राहत होतो. पुढे हात-दोन हात रुंदीचं अंगण होतं, त्याला डोक्याएवढी भिंत. मी एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघायचे, नवरा एअर कंडिशनिंगच्या कामात होता, मुलगी शाळेत. सासरे गेल्याला वर्ष झालं होतं आणि मराठवाड्यातल्या गावी सासूबाई एकट्या होत्या. नवरा एकुलता एक. आईने कायमचं आपल्याकडे यावं असं त्याला मनापासून वाटायचं, आणि मलाही वाटायचं, हे मी मुद्दाम सांगते, कारण सुनांबद्दल लोक सहसा उलटंच धरून चालतात. सासूबाईंनी एकच अट घातली होती. "उन्हाळ्यापर्यंत राहून बघते. करमलं तर राहीन. नाही तर मला माझ्या घरी पोचवायचं."

करमत नव्हतं. सकाळी आम्ही तिघं बाहेर पडलो की त्या दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायच्या, आणि संध्याकाळी मी परतले की तिथेच असायच्या. दुपारचं ताट झाकलेलंच. टीव्हीवरचं हिंदी त्यांना भराभर कळायचं नाही, लिफ्ट आणि टॅक्सी यांचा धसका होता, आणि नात बोलायची इंग्रजीत. नवरा रोज विचारायचा, "आई, बरं वाटतंय ना इथं?" त्या "हो" म्हणायच्या, आणि मग रात्री आम्ही दोघं त्या "हो"चा अर्थ लावत बसायचो. मला तेव्हा घरी यायची धास्ती वाटायला लागली होती.

मग त्यांनी बिया काढल्या. अंगणात नुसती वाळू होती. नवऱ्याने नर्सरीतून मातीची आणि खताची पोती आणली, आणि सासूबाईंनी पदर खोचला. ऑक्टोबरात ऊन जरा उतरलं तशी अंबाडी भराभर वाढली. जमिनीलगतची पानं साधी, अखंड. वरची मात्र पंज्यासारखी, बोटं फुटलेली, कडांना बारीक दाते. पहिल्या खुडणीची भाजी त्यांनी केली, ज्वारीच्या कण्या आणि शेंगदाणे घालून, वर लसणाची फोडणी. नवरा भाकरी कुस्करून ती खात होता आणि पुन्हा पुन्हा वाढून घेत होता. सासूबाई त्या दिवशी त्याच्या बरोबरीने जेवल्या.

डिसेंबरात झाडांना कळ्या धरल्या आणि अळ्या आल्या. पहिल्यांदा एक शेंडा मान टाकून पडलेला दिसला. सासूबाईंनी तो चिमटीने चिरला तर आत तपकिरी ठिपक्यांची लहानशी अळी. मग दिसायलाच लागल्या. कळीच्या देठापाशी टाचणीएवढं भोक, भोकाबाहेर काळी लेंडकं, आणि कळी आतून पोखरलेली. पिवळं फूल उमलायचं तर एक पाकळी अर्धी खाल्लेली असायची. मी दुकानातून फवारायचं औषध आणलं. त्यांनी बाटलीकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "पोरी, ही खायची भाजी आहे. हिला विष पाजून मग आपण खायचं?" बाटली न उघडता सिंकखाली गेली.

त्यांची पद्धत हाताची होती. पहाटेची अजान झाली की त्या उठायच्या, आणि उजाडलं की श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात साबणाचं पाणी घेऊन एकेक फांदी उलटीसुलटी करून बघायच्या. ऊन चढलं की अळ्या कळीत शिरतात, मग हाताला लागत नाहीत, म्हणून ही घाई. पोखरलेल्या कळ्या खुडून वेगळ्या ठेवायच्या, कारण खाली टाकल्या तर अळी मातीत जाऊन पुन्हा वर येते. एकादशीला जीव मारायचा नाही, म्हणून त्या दिवशीच्या अळ्या कोरड्या डब्यात जायच्या, वर चार पानं खायला, आणि द्वादशीला सकाळी सगळ्या पाण्यात. मला हसू यायचं. त्यांना मात्र यात काहीच विसंगत वाटत नव्हतं. मुलगी शाळेच्या बसची वाट बघत दारातून म्हणायची, "आजी, दॅट इज सो ग्रॉस." आजी म्हणायच्या, "हो हो, ग्रास ग्रास, ये बघ," आणि डबा तिच्या नाकाशी न्यायच्या. घरात असा दंगा त्यापूर्वी कधी झाला नव्हता.

संक्रांत जवळ आली. दरवर्षी माझ्याकडे हळदीकुंकू असायचं, सुट्टीच्या वारी, शुक्रवारी. विधवेने त्यात पुढे यायचं नाही, हा नियम विमानात बसून आमच्याबरोबर दुबईलाही आलेला होता. सासूबाई आधीच म्हणाल्या, "मी आतल्या खोलीत बसेन. तू माझी काळजी करू नको." मला त्याचा असा संताप आला की मी त्यांच्याशी वाद घातला, नवऱ्याशीही घातला आणि शेवटी जाहीर केलं, की या वर्षी वाण म्हणून वाट्या नाहीत आणि डबे नाहीत. प्रत्येकीला अंबाडीची जुडी द्यायची, आणि ती आईंच्याच हातून. नवरा म्हणाला, "आयडिया छान आहे." हेही मी मुद्दाम सांगते.

त्या आठवड्यांत सासूबाईंनी अळ्यांच्या मागे जो ससेमिरा लावला तो मी विसरू शकत नाही. जेवढे शेंडे वाचतील तेवढ्या जुड्या. संध्याकाळीही त्या वाकलेल्याच असायच्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, बोटं देठांच्या बारीक काट्यांनी खरचटलेली. सगळ्यांना पुरतील एवढ्या जुड्या निघाल्या, प्रत्येक जुडीत एक धड फूल. शुक्रवारी बायका आल्या आणि मी सासूबाईंना हाताला धरून बाहेर आणलं. सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. मग एकीने जुडी नाकाशी नेली आणि ती म्हणाली, "अगंबाई, किती वर्षांनी," आणि सगळ्या त्यांच्याभोवती जमल्या. भाजी कशी करायची, आंबटपणा कसा काढायचा, बी कुठून आणलं. सासूबाई बोलत होत्या. त्या रात्री झोपताना त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "व्हिसाचे ते कागद काय असतात ते कर बाबा. राहते मी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात मला फोन आला. आदल्या दिवशी आलेल्यांपैकीच एक जण. आवाज दबका. "वहिनी, तुम्ही काल नक्की काय दिलंत? आमच्या ह्यांनी पिशवी उघडली आणि पांढरेच पडले. म्हणाले हे गांज्याचं आहे, पान बघ. सगळं टॉयलेटमध्ये फ्लश केलंय. मी टॅक्सीत मांडीवर घेऊन आले हो ते." मी हसले. अंबाडी आहे, चावून बघायची, आंबट लागते, गांजा आंबट असतो का, असं मी म्हणाले. तिकडून कुणी हसलं नाही. तोवर तिच्या नवऱ्याने माझ्या नवऱ्याला फोन केलेला होता.

मी घरी आले तेव्हा अंगण रिकामं होतं. नवरा कामावरून मधेच निघून आला होता आणि त्याने एकूण एक झाड मुळासकट उपटलं होतं. कात्रीने तुकडे करून काळ्या पिशव्यांत भरत होता. शर्ट घामाने भिजलेला. पिशव्या वेगवेगळ्या भागांतल्या कचराकुंड्यांत टाकायच्या, एकाच ठिकाणी नाही, हेही त्याने ठरवून ठेवलं होतं.

"तुला माहीत आहे ही अंबाडी आहे," मी म्हणाले.

"मला माहीत आहे. पोलिसाला माहीत आहे का? तो काय चाखून बघणार आहे? कुणी एकाने फोन केला तर आधी उचलून नेतील, मग टेस्ट, मग काय ते. जॉब जाईल, व्हिसा कॅन्सल, खलास. एवढ्या जणींच्या घरी गेलंय ते, कळतंय का तुला?"

त्याचं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. आम्ही सगळे तिथे असेच राहायचो, कुणीतरी बघतंय असं धरून. पण तो त्या भाजीवर वाढलेला माणूस होता. मला त्याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. रडत नव्हत्या. हातात सकाळचा श्रीखंडाचा डबा होता. मला वाटलं होतं त्या मुलावर चिडतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्या पुढे झाल्या, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाळा, मला नव्हतं रे ठाऊक. माझ्यापायी तुझं घर गेलं असतं." आणि मग खाली बसून त्याला पिशव्या भरायला मदत करू लागल्या.

व्हिसाचा विषय त्यांनी पुन्हा काढू दिला नाही. नवरा विनवण्या करायचा, मी करायचे. त्या म्हणायच्या, "मी अडाणी बाई. इथं काय चालतं, काय नाही, मला कळत नाही. उद्या आणखी काही लावीन. त्यापेक्षा मी माझ्या घरी बरी." ऊन तापायच्या आत त्यांना आम्ही विमानात बसवलं. पोलीस आला नाही. म्युनिसिपालिटीचा माणूस आला नाही. कुणी साधी बेलसुद्धा वाजवली नाही. अंगणात झाडं उपटलेले खड्डे बरेच महिने तसेच होते.

पुढे दर शुक्रवारी नवरा गावी फोन लावायचा. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला. "कुणी आलं नाही ना रे?" तो म्हणायचा, "नाही आई." त्या म्हणायच्या, "नक्की ना?" अशी वर्षं गेली. आम्ही घर बदललं, त्याने नोकरी बदलली, तरी प्रश्न तोच. मग त्यांना दमा जडला. नवरा सगळे कागद तयार करून त्यांना आणायला गेला, आणि एकटाच परत आला. त्यांनी पासपोर्ट कुठे ठेवलाय ते सांगितलंच नाही. "नको रे, माझ्यामुळे तुझ्या दारात कुणी यायला नको," एवढंच म्हणत राहिल्या.

त्या एका पहाटे झोपेतच गेल्या. दूध घालणाऱ्या बाईने दार वाजवलं, उत्तर आलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा गाव ओसरीवर बसलं होतं. शेजारच्या एक म्हाताऱ्या बाई नवऱ्याजवळ सरकून म्हणाल्या, "तू लई बोलवायचास, ती सांगायची आम्हाला. पण तिकडच्या सरकारनं तिला यायची बंदी घातली होती, असं म्हणायची ती. खरंय का?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. मीही बघत होते.

नवरा म्हणाला, "हो."