सातांची फेरी

शाळेची बस चालवणाऱ्याला सगळी पोरं मामाच म्हणत. बावीस वर्षं त्यांची एकच फेरी: टेकडीपलीकडच्या सहा वस्त्यांतून मुलं गोळा करायची आणि सरकारी शाळेच्या फाटकात उतरवायची. सुरुवातीला बसमध्ये पाय ठेवायला जागा नसे. गेल्या वर्षी सातजण उरले. सुताराची मुलगी त्यांच्या मागच्याच सीटवर बसून मोठ्याने धडे वाचायची. "मामा, तुम्ही परीक्षेला बसलात तर माझ्या पुढे जाल," ती म्हणायची.

परीक्षा संपल्या आणि शिक्षण कार्यालयाचं पत्र आलं. पुढच्या वर्षी आठ मुलं नसतील तर फेरी बंद.

मामांनी रजा टाकली आणि वस्त्या पालथ्या घातल्या. निम्म्या घरांना कुलपं होती, माणसं कामासाठी शहरात गेलेली. एक म्हातारा हसून म्हणाला, "पोरं नाहीत बाबा आमच्याकडे, म्हातारपण आहे. तेवढं नेता का?"

शेवटी सुतारच म्हणाला, "मामा, तुमची नात यंदा पहिलीला ना? मग आठ झालेच की!"

हे मामांना सुचलं नव्हतं असं नाही. त्यांनी ते मनातून बाजूला सारलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी घरात विषय काढला. मुलगा म्हणाला, "बाबा, तिचं नाव शहरातल्या खाजगी शाळेत घातलंय. इथे चार वर्गांना एक बाई, त्याही बदली मागतायत. रोज जेवताना तुम्हीच सांगता ना?"

"एक वर्षापुरतं घाला."

"ते वर्ष कुणाचं जाणार?"

पोरगा खरं बोलत होता.

"दिव्याखाली अंधार म्हणतील लोक," बायको हळूच म्हणाली.

"म्हणू देत," मामा म्हणाले. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

सात नावांची यादी घेऊन ते कार्यालयात गेले. तिथली कारकून बाई लहानपणी त्यांच्याच बसने शाळेत गेलेली. तिने आधी पाणी दिलं.

"मामा, नियम आठाचा आहे."

"मग सात म्हणजे काय शून्य का गं?"

"मी नाही ठरवलं." तिने यादी फायलीत लावली आणि मान वर केली नाही.

फेरी बंद झाली. चौघं नातेवाइकांकडे राहायला गेले, दोघं आईबापांबरोबर शहरात. सुताराच्या मुलीने चालत जायचं ठरवलं. जायला दोन तास, यायला दोन तास. अकरा दिवस ती गेली, बाराव्या दिवशी नाही.

मामांना कळलं तेव्हा ते सुताराच्या छपरीत गेले. ती फळीला पॉलिशपेपर मारत बसली होती. धुळीने केस पांढरे झालेले.

"तुझ्या बाबांशी बोलू का मी? समजावतो त्यांना."

"बाबांनी नाही अडवलं, मामा," ती म्हणाली. "मीच दमले."

मामांना सांगायचं होतं की आठवं नाव त्यांच्याच घरात होतं. पण तिला ते ठाऊक असणार. वस्तीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिने तो विषय काढला नाही, हे त्यांना जास्त लागलं.

ते तसेच परत फिरले. आता त्यांची नेमणूक गॅरेजमध्ये आहे, इतर फेऱ्यांच्या बस धुवायला.