आखूड शॉकअपची जोडी

ती केस आठवली की आजही माझ्या मुठी आपोआप आवळल्या जातात. सत्तरचं दशक संपत आलं होतं. हिंगणघाटच्या बाजूला एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. कापसाचा हंगाम ऐन भरात होता आणि अशा दिवसांत आमच्या स्टेशन डायरीत भांडणांपेक्षा अपघातांच्याच नोंदी जास्त पडत.

दुपारी खबर आली. समुद्रपूरकडून येणारी एका जिनिंग कारखान्याची पिकअप नाल्यापुढच्या वळणावर उलटली होती. गाडीत कापसाची बोंदरं, म्हणजे मोठी गाठोडी भरलेली आणि त्यांच्यावर वेचणीहून परतणाऱ्या बाया बसलेल्या. आम्ही पोचलो तेव्हा एक तरुण बाई जागीच गेली होती, बाकीच्या जखमी होत्या आणि जमाव ड्रायव्हरला बडवत होता. शिपायांनी त्याला कसंबसं सोडवून जीपमध्ये घातलं. "दारू पिऊन चालवत होता," असं प्रत्येक जण सांगत होता. पाहिलेलं मात्र कुणीच नव्हतं.

सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी केली. दारूचा वाससुद्धा नव्हता. मी जबाब घ्यायला बसलो तर तो एकच वाक्य बोले, "साहेब, ब्रेक लागलाच नाई." अपघात केलेला प्रत्येक ड्रायव्हर हेच म्हणतो. मी लिहून घेतलं.

उलटलेली पिकअप रस्ता अडवून पडली होती, म्हणून मालकाच्या माणसांनी ती ओढून जिनिंगच्या आवारात नेली होती. दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात जमा झाली. तिच्या पाठोपाठ एक वजनदार पुढारी आला. चहा घेत म्हणाला, "ड्रायव्हरवर केस करा आन् मोकळे व्हा, ठाणेदार साहेब. शेठजींच्या जिनिंगवर किती घरं चालतात, माहीत आहे ना?"

"माहीत आहे," मी म्हणालो. "त्यातलंच एक घर त्या ड्रायव्हरचं आहे."

त्याने कप अर्धाच ठेवला.

खरी खबर आणली ती मात्र ज्या व्यक्तीकडून मी कधीच अपेक्षा केली नसती तिने. मेलेल्या मुलीची आई ठाण्यात आली. तीही त्याच गाडीत होती. एक हात गळ्यात बांधलेला, कपाळावर पट्टी. मला वाटलं, ड्रायव्हरला फाशी द्या म्हणायला आली असेल. ती उभ्यानेच म्हणाली, "साहेब, त्या ड्रायव्हरले सोडा. त्याचा कसूर नाई."

"मावशी, तुमची मुलगी गेली ना?"

"गेली. म्हनून त आली. थे कायनं मेली, हे खोटं लिहान त मले नाई चालत."

मी तिला खुर्ची दिली. तिने सांगितलेली हकिकत अशी. अपघाताच्या आधी काही दिवस बाया जिनिंगच्या आवारात गाडीची वाट बघत बसल्या होत्या. पिकअपचे मागचे शॉकअप, म्हणजे धक्के झेलणारे दांडे, निकामी झाले होते आणि ते बदलायचे होते. शेठजींच्या जीपचे दोन शॉकअप घरात पडून होते, तेच बसवा असा त्यांचा हुकूम होता. ड्रायव्हर ते हातात धरून ओरडत होता की हे जीपचे आहेत, आखूड आहेत, आपल्या गाडीले चालणार नाहीत.

"मंग शेठजी म्हनले, माल भरला का गाडी खाली बसतेच, आखूडच बरे. गाडी उड्या मारन त मारू दे. कापसाची काय कंबर दुखते का?" बाई म्हणाली, "आमी बी त त्याच्यातच बसतो, साहेब. आमाले कोनी मोजलंच नाई."

मी कोठडीतून ड्रायव्हरला बाहेर बोलावलं आणि सरळ विचारलं, "शॉकअप कोणते होते?" तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे मान वर करून पाहिलं.

"आधी काऊन नाही सांगितलंस?"

"कोन मानलं असतं, साहेब? ब्रेकचं सांगतलं, तेच कोनी मानलं नाई."

मग त्याने समजावलं. भरलेली गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर खाली बसते, हे खरं. पण खड्ड्यात चाक खाली लटकतं तेव्हा शॉकअपला लांब व्हावं लागतं. आखूड शॉकअप तेवढा लांब होत नाही. तो ताणला जातो आणि शेवटी तुटतो. रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या त्या ठेंगण्या पुलावर चढताना मागून काहीतरी तुटल्याचा आवाज त्याने ऐकला होता. पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला गेला.

मी शिपायाला घेऊन ठाण्याच्या आवारात गेलो आणि पिकअपखाली शिरलो. सगळ्या गाडीच्या बुडाला चिखलाचा थर बसलेला. शॉकअप मात्र चांगले लांब, जाडजूड, अवजड गाडीचेच, आणि रंगावर ओरखडा नाही! बोल्टवर ताजं ग्रीस. मागच्या चाकांच्या धुऱ्यावरून जाणारी ब्रेकची नळी मात्र चेपून फुटलेली होती. मोटार वाहन निरीक्षकांना बोलावलं. त्यांनी स्पष्ट लिहून दिलं की नळी बाहेरून लोखंडाचा मार बसल्याने फुटली आहे; शॉकअप तुटून लोंबकळत आपटला की असंच होतं.

मी गाडीखालून बाहेर आलो तेव्हा संताप आवरत नव्हता. जे शॉकअप आधी बसवायला हवे होते, ते त्या माणसाने पोरगी मेल्यावर बसवले होते, आणि तेही स्वतःला वाचवण्यासाठी.

जिनिंगच्या गाड्या बघणाऱ्या मिस्त्रीला उचलून आणलं. तो दिवसभर "मुझे क्या मालूम, साब" एवढंच घोकत राहिला. माझा हवालदार काठीकडे बघत होता. मी नाही म्हटलं. मारून बोलतं केलेला माणूस कोर्टात फिरतो, हे मी नोकरीच्या सुरुवातीलाच शिकलो होतो. मी मिस्त्रीला पिकअपजवळ नेलं आणि म्हटलं, "सगळ्या गाडीले चिखल, आन् ह्या बोल्टलेच काऊन नाही? हे सांग आणि घरी जा."

व्हरांड्यात ती बाई बसून होती; मी दोनदा घरी जा म्हटलं तरी हलली नव्हती. ती उठून आली आणि त्याच्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "बाबू, आखूडवाले तूच बसवले का?"

मिस्त्रीने नजर खाली घातली. पाणी मागितलं आणि बोलू लागला. आखूड जोडी त्यानेच बसवली होती. अपघातानंतर गाडी आवारात आल्याबरोबर शेठजींनी उभं राहून ती काढून लांब जोडी बसवायला लावली होती. आखूड जोडी गोणपाटात बांधून त्याने वेणा नदीत टाकली होती.

पंचांसमोर त्याचं निवेदन घेतलं आणि त्याच पंचांना घेऊन आम्ही नदीवर गेलो. मिस्त्रीने जागा दाखवली. नदीत मासे धरणाऱ्या ढिवरांची दोन माणसं पाण्यात उतरली. काठावर गाव जमलं होतं. शेठजींची माणसंही होती, हसत होती. बराच वेळ नुसता गाळ वर आला. मग एकाने डोकं वर काढून हाक दिली, "गावलं!" गोणपाट सोडलं. आत दोन आखूड शॉकअप होते, त्यातल्या एकाचं खालचं टोक तुटलेलं. शेठजींची हसणारी माणसं केव्हा निघून गेली, ते कळलंही नाही. ठाण्यात आणून ताडून पाहिलं, तर ब्रेकच्या नळीवरच्या चेपलेल्या जागेशी ते तुटकं टोक नेमकं जुळलं.

शेठजींना ठाण्यात बोलावलं तेव्हा ते खुर्चीवर रेलून म्हणाले, "एवढ्याशा शॉकअपसाठी मला आरोपी करता?"

"शॉकअपसाठी नाही," मी म्हणालो. "माणसासाठी."

निष्काळजीपणाने मृत्यूस कारण होणं आणि पुरावा नष्ट करणं, ही दोन्ही कलमं लावली. वरिष्ठांनी बोलावून सांगितलं, "कशाला ओढवून घेता? ड्रायव्हरवर भागतंय ना?" मी म्हटलं, "साहेब, तसा लेखी आदेश द्या, मी पाळतो." लेखी कुणीच दिलं नाही. बदलीचा हुकूम मात्र लगेच आला. तो टेबलावर ठेवूनच मी आरोपपत्रावर सही केली, ड्रायव्हरचं नाव आरोपींतून काढून साक्षीदारांत घातलं आणि मगच चार्ज सोडला.

साक्षीसाठी मी नव्या ठिकाणाहून वर्ध्याला येत असे. उलटतपासणीत शेठजींच्या वकिलाने त्या बाईला चिडवायचा प्रयत्न केला. "पोटची मुलगी मारणाऱ्या ड्रायव्हरची बाजू घ्यायला तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवाचं काय हाय त्याच्यात?" ती म्हणाली. "मायी पोरगी मेली. तिच्या नावावर अजून एका घराची राख करू काय?"

वकील खाली बसले.

शेठजींना शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली, पण दोष कायम राहिला. मिस्त्रीने दंडाधिकाऱ्यांपुढे सगळं कबूल केलं होतं, त्याला कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा झाली. ड्रायव्हर पुढे एसटीत लागला, असं कळलं.

या केसने मला एक गोष्ट शिकवली. अपघात झाला की सगळे स्टिअरिंगवरच्या हातांकडे बघतात, कारण ते हात डोळ्यांसमोर असतात. गाडीला काय बसवायचं, हे ठरवणारा माणूस तेव्हा घरी सावलीत बसलेला असतो. तपासाची वाट त्याच्या दारापर्यंत जायलाच हवी, मग दार कितीही उंच असो.

त्यानंतर मी जिथे जिथे गेलो, तिथे हंगामात वेचणीच्या बायांना नेणारी गाडी दिसली की ती थांबवत असे. बायांना उतरवून दुसरी सोय करायला लावत असे आणि मग टोपी शिपायाकडे देऊन स्वतः गाडीखाली शिरत असे. पाटे, नळ्या, शॉकअप हाताने चाचपून बघत असे. लोक म्हणत, ठाणेदाराचा मिस्त्री झाला. म्हणोत. एका अधिकाऱ्याने मला विचारलंही की वर्दीवर ग्रीसचे डाग घेऊन फिरायला लाज वाटत नाही का.

मी म्हटलं, "नाही."