नमुना म्हणून दिलेला फोन

अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या ऑफिसात मी लोकांना एक विचित्र विद्या शिकवते. आरोग्य-सल्लागार आणि पेशंट यांचं बोलणं कागदावर उतरवलेलं असतं. ते वाचून, पेशंटची सवय बदलायला सल्लागाराने कोणतं तंत्र वापरलं ते ओळखायचं. अडचण विचारली का? छोटं ध्येय ठरवून दिलं का? शाबासकी दिली का? नियम एकच: तोंडातून निघालं तेवढंच धरायचं, मनात काय होतं ते सोडून द्यायचं.

गेल्या महिन्यात सरावाचे कागद संपले. म्हटलं, आपलाच एक फोन देऊ. नागपूरला बाबा तंबाखू खातात. गालात आतून पांढरा चट्टा आलाय, आणि डॉक्टरला दाखवायला काही केल्या तयार नाहीत. दर रविवारी मी हात धुऊन त्यांच्या मागे लागते. तसला एक संवाद आठवून इंग्रजीत लिहून काढला, नुसतं ‘मुलगी’ आणि ‘वडील’ म्हणून. वीस वर्षं हेच काम करतेय, दहा-बारा तंत्रं तर सहज सापडतील असं वाटलं. अगं बाई, केवढी ती घमेंड!

वर्गातल्या चौघांनी वेगवेगळं बसून वाचलं. एरवी त्यांचं एकमेकांशी कधी जुळत नाही, त्या दिवशी तंतोतंत जुळलं. परिणामांची भीती घातली, नऊ वेळा. बाकी काही नाही.

“अरे, यात काळजी आहे की!” मी म्हणाले.

“कुठल्या ओळीत?” त्यांच्यातल्या, पुण्याहून आलेल्या एका डेंटिस्टने विचारलं. वर म्हणाली, “ताई, ही मुलगी वडिलांना एकही प्रश्न विचारत नाही. आणि शेवटी ते ‘बरं’ म्हणतात ना, त्यांना पटलेलं नाहीये. त्यांना फोन ठेवायचाय.”

“हा झाला तुझा अंदाज. अंदाज धरायचे नाहीत!” मी खेकसले. ती बिचारी ‘सॉरी’ म्हणाली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढचा तास कॅन्सल केला.

सकाळचे दहा वाजले होते, म्हणजे तिकडे संध्याकाळ. पार्किंगमध्ये गाडीत बसून फोन लावला. आज चट्ट्याचं नावसुद्धा काढायचं नाही, असं ठरवलं होतं.

“बाबा, काय करताय?” एवढंच विचारलं.

 घाईघाईने, भरल्या तोंडाने ते म्हणाले, “नाही खाल्ली गं आज. तुझ्या आईला विचार हवं तर.”