नंबर एमएच अकराचा

बावीस वर्षांत सूर्यकांत भोईटेनं दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात एक खिळा ठोकला नव्हता. कॅलेंडर लटकायचं ते आधी राहून गेलेल्या कुणा बॅनर्जीबाबूच्या खिळ्यावर. एसी बसवायचा तर भिंतीला भोक पाडावं लागतं, म्हणून खिडकीत कूलर. कपाटावरच्या दोन ट्रंका तर कोरेगावाहून येताना जशा बांधल्या होत्या तशाच पडून, सुतळीसकट. त्यांच्यात काय आहे हे आता त्याच्या बायकोला, हेमलतेलाही नीट सांगता आलं नसतं. कुणी विचारलं की सूर्यकांतचं उत्तर ठरलेलं.

"पुढच्या वर्षी जायचंच आहे. कशाला उगाच पसारा?"

त्याच्या खात्याची एक शाखा पुण्यात होती. दर फेब्रुवारीला तो बदलीचा अर्ज टाकायचा आणि दर मे महिन्यात यादी लागायची. यादीत कधी कुणी पांडे असायचा, कधी कुणी नायर, ज्यांना पुण्यात जाऊन काय करायचं हेही ठाऊक नसायचं. अर्जात कारण लिहिलेलं असायचं, 'वृद्ध मातोश्रींची देखभाल'. पाच वर्षांपूर्वी आई गेली. तेरावा उरकून तो दिल्लीला परतला आणि पुढच्या फेब्रुवारीत कारणाच्या रकान्यात 'स्वतःची प्रकृती' असं लिहिलं. त्यानंतर त्याचं बीपी खरोखरच चढायला लागलं.

यंदाही यादी लागली. यंदाही नाव नव्हतं. आणि त्याच महिन्यात गाडीचं प्रकरण उपटलं.

झालं असं, की अपूर्वाला नोएडात एका न्यूज चॅनलमध्ये नोकरी लागली. पोरगी बावीस वर्षांची. दिल्लीत आले तेव्हा पाळण्यात होती, आता पहाटे पाचच्या शिफ्टला जायची. कॅबवाले बुकिंग घ्यायचे आणि ऐनवेळी कॅन्सल करायचे. दोनदा ती मोठ्या रस्त्यावर वीस-वीस मिनिटं एकटी उभी राहिली. दुसऱ्या वेळी हेमलतेनं नवऱ्यापुढे चहाचा कप ठेवला, पण हातातून सोडला नाही.

"गाडी घ्यायची. सेकंडहँड चालेल, पण रस्त्यात बंद पडायला नको. मी सोडीन तिला. लायसन्स काय शोभेला काढलंय का मी?"

"घेऊ ना. मी कुठं नाही म्हणतोय," सूर्यकांत म्हणाला.

इथवर सगळं ठीक होतं. घोडं अडलं ते पुढं.

दिल्लीचा कायदा असा, की डिझेल गाडी दहा वर्षांची झाली की इथं बाद आणि पेट्रोल गाडी पंधरा वर्षांची झाली की. त्यामुळे नऊ वर्षांची डिझेल गाडी दिल्लीत कुणी फुकट दिली तरी घेत नाही. निम्म्या भावात मिळते. पण तीच गाडी ना-हरकत कागद काढून महाराष्ट्रात नेली की आणखी पाच-सहा वर्षं बिनघोर पळते. सूर्यकांतनं गावाकडच्या दोघातिघांना अशा गाड्या मिळवून दिल्या होत्या. बॉनेट उघडायचं, इंजिन चालू असताना तेलाचं झाकण काढून वाफ किती उसळते ते पाहायचं, सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरायचा, दारांवर फ्रिजचं मॅग्नेट फिरवायचं, जिथं चिकटत नाही तिथं चेपलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. गावात त्याचं नाव झालं होतं. दादानं बघितलेली गाडी म्हणजे डोळे झाकून घ्यावी.

तेव्हा स्वतःसाठी त्याला डिझेलच हवी होती. नऊ वर्षं उलटून गेलेलीच.

"अहो, पण नऊ महिन्यांनी तिचं काय करायचं? लोणचं घालायचं?" हेमलता म्हणाली.

"नऊ महिन्यांत बदली होईल."

हेमलतेनं टेबल पुसायला घेतलं. ती काही म्हणाली असती तर सूर्यकांतला बरं वाटलं असतं. बाजूला मोबाइल बघत बसलेली अपूर्वा मात्र बोलली.

"बाबा, यार, तुम्ही हे मी थर्डमध्ये होते तेव्हापासून बोलताय. पेट्रोल घ्या ना सिंपल. आठ वर्षं जुनी घेतली तरी सात वर्षं चालेल."

"सात म्हणजे दोन हजार बत्तीस," हेमलता म्हणाली. "तुम्हीपण बत्तीसलाच रिटायर. दोघांना एकदमच निरोप देऊ. एकच हार लागेल."

मायलेकी हसल्या. सूर्यकांतला काही हसू आलं नाही. पेट्रोल घ्यायची म्हणजे सात वर्षं इथंच राहायचं हे आजच्या आज कबूल करायचं. बावीस वर्षं जे त्यानं एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, ते एका गाडीपायी या दोघी त्याच्याकडून वदवून घेत होत्या. तो चहा अर्धा टाकून उठला आणि कूलरमध्ये पाणी भरत बसला. कूलर भरलेलाच होता, पाणी जमिनीवर आलं.

मग रविवार सुरू झाले. करोलबाग झालं, मायापुरी झालं, द्वारका झालं. एका गाडीचं मीटर मागं फिरवलेलं, एकीच्या सीटखाली यमुनेच्या पुराचा गाळ. एक सरदारजी गाडी दाखवता दाखवता स्वतःच रडायला लागला. त्याच्या वडिलांची गाडी होती, त्याला ती विकायची नव्हती, बायकोनं पाठवलं होतं. सूर्यकांतच्या डिझेलमध्ये हेमलता खोट काढायची आणि हेमलतेच्या पेट्रोलवर सूर्यकांत मॅग्नेट घेऊन तुटून पडायचा. त्यात जुलैच्या एक तारखेपासून पंपावर कॅमेरे बसले. मुदत संपलेल्या गाडीला तेल मिळणार नाही असा हुकूम. आठवड्याभरात हुकूम थांबवला. पेपरात रोज नवीन बातमी. सूर्यकांत स्वतः सरकारी माणूस, पण सकाळी पेपर उघडून तो सरकारला जे बोलायचा ते ऐकून हेमलता खिडकी लावून घ्यायची.

अकराव्या रविवारी नोएडात भाटीच्या अड्ड्यावर त्याला ती गाडी सापडली.

भाटी म्हणजे आडव्या बांध्याचा, पांढऱ्या बुटांचा माणूस. पत्र्याच्या शेडमध्ये पंचवीसेक गाड्या लावून खुर्चीत बसलेला. डिझेल सेदान, दोन हजार सोळाच्या एप्रिलमधली, एकाच डॉक्टरनं वापरलेली. थंड इंजिन पहिल्या किल्लीला लागलं. झाकणातून वाफ नाही. रुमालावर डाग आला तो नखाएवढा. मॅग्नेट चारी दारांना चिकटलं. सूर्यकांतनं एक चक्कर मारली आणि परत आला तेव्हा त्याचा चेहरा बघून हेमलता काय ते समजली. ती शेडच्या दुसऱ्या टोकाला, तिनं बघून ठेवलेल्या राखाडी पेट्रोल हॅचबॅकमध्ये जाऊन बसली. दार उघडं ठेवून, पाय बाहेर सोडून.

"भाटीजी, ये फायनल," सूर्यकांत म्हणाला.

"देखो सर, सीधी बात," भाटी म्हणाला. "दिल्ली में आपके नाम कराऊँ, तो नौ महीने बाद आप फिर कागज लेके घूमोगे. मैं अभी से एनओसी महाराष्ट्र की कटवा देता हूँ. गाड़ी वहाँ आपके नाम चढ़ेगी, नंबर वहाँ का. चलाओ यहाँ, जब तक चले."

हे सूर्यकांतला कधी सुचलंच नव्हतं. नंबर वहाँ का. म्हणजे एमएच अकरा. साताऱ्याचा नंबर. आर. के. पुरमच्या त्या रांगेत, डीएल आणि यूपी आणि हरियाणाच्या गाड्यांमध्ये, एमएच अकरा लावून उभी असलेली आपली गाडी त्याच्या डोळ्यांसमोर आली. ज्याला दिसेल त्याला कळेल, हा माणूस इथला नाही. हा चाललाय.

"कटवाओ," तो म्हणाला.

"बस, वहाँ का एड्रेस प्रूफ दे देना. आधार, बिजली का बिल, जो भी हो."

सूर्यकांतनं पाकीट काढलं आणि तसंच हातात धरून उभा राहिला. आधार कार्डावर आर. के. पुरम. मतदार कार्डावर आर. के. पुरम. लायसन्स, बँकेचं पासबुक, झाडून सगळं आर. के. पुरम. गावाकडच्यांना गाड्या घेऊन दिल्या तेव्हा त्यांचे त्यांचे पत्ते होते. आपला कुठला लावायचा, हा विचार अकरा रविवारांत एकदाही डोक्यात आला नव्हता.

"दो मिनट," म्हणत तो शेडच्या बाहेर उन्हात आला आणि गावी धाकट्या भावाला फोन लावला.

"बोल दादा," श्याम म्हणाला. मागं ट्रॅक्टर चालू होता. "जेवलास का?"

"जेवायचंय. श्याम, एक काम कर. ग्रामपंचायतीतनं माझ्या नावाचा रहिवासी दाखला काढ. आणि घराच्या लाइटबिलाचा फोटो पाठव."

ट्रॅक्टर बंद झाला.

"कशापायी रं?"

"गाडी घेतोय. तिकडच्या नंबरावर चढवायचीय."

"गाडी घ्यायला रहिवाशी दाखला?" श्यामनं आवाज खाली आणला. "दादा, मी काय म्हंतो, राग येऊ दिऊ नगंस. वाटणीबिटणीचं कुणी काय डोस्क्यात घातलंय का तुज्या? आसंल तर सरळ बोल. आपून बसून मिटवू."

"अरे कसली वाटणी? गाडीचं बोलतोय मी."

"न्हाई, कसं हाय, तुजं नाव रेशनकार्डावरनं कवाच कमी केलंय. तूच म्हनाला हुतास, दिल्लीत लावायचंय म्हनून. आता तलाठी, ग्रामसेवक समदी म्हननार, ह्यो मधीच रहिवाशी कुटनं झाला?"

"माझी खोली आहे ना तिथं. मागची."

पलीकडं श्याम खाकरला.

"त्या खोलीत सुनबाईनं पार्लर टाकलंय. सुरूपानं. म्हैना झाला की. आरसं लावल्यात, ती गोल फिरायची खुर्ची आनलीया साताऱ्यासनं. बाया येत्यात लांबलांबनं. तुला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं बग." मग एकदम सूर बदलून तो म्हणाला, "दादा, आसं कर की. गाडी माज्या नावावर घे. काय दाखलाबिखला नगं. तू येशील तवा तुजीच हाय. आन तवर मला बी बाजाराला हुईल. डिझेलच हाय न्हवं?"

"डिझेल आहे."

"मग झ्याकच की."

सूर्यकांतला खूप काही बोलायचं होतं. पण श्यामच्या बोलण्यात कुठं खोट सापडेना. नाव त्यानंच कमी करायला सांगितलं होतं. खोली पाच वर्षं बंद होती, आणि बंद खोलीत सुनेनं खुर्ची टाकली यात तिचं काय चुकलं? धाकट्या भावावर चिडायचं तर तेवढं निमित्तही हाती लागू देत नव्हता गडी.

"बघतो," म्हणून त्यानं फोन ठेवला.

उन्हात शर्ट पाठीला चिकटला होता. शेडमध्ये डॉक्टरची डिझेल सेदान पुसूनबिसून उभी होती. तिच्याकडं न बघता तो सरळ दुसऱ्या टोकाला गेला, खिशातलं मॅग्नेट काढलं आणि पेट्रोल हॅचबॅकच्या अंगावर फिरवायला लागला. पुढचं दार चिकटलं. मागचं डावं दार नाही. मॅग्नेट टप्पकन खाली पडलं.

"हे बघ," तो हेमलतेवर खेकसला. "लांबी भरलीय. ही तुझी गाडी."

"एकच दार ना?" हेमलता म्हणाली. मग त्याच्याकडं नीट बघून तिनं पाय आत घेतले. "काय म्हणाले श्यामभावजी?"

"पार्लर टाकलंय."

"कुणी? भावजींनी?"

"तुझ्या पुतण्याच्या बायकोनं. माझ्या खोलीत."

हेमलतेला क्षणभर हसू आलं आणि तिनं ते गिळलं. तिनं शेजारच्या सीटवरची धूळ हातानं झटकली, पण तो बसला नाही. बॉनेट उघडायला लावलं. इंजिन ऐकलं. झाकण काढलं, रुमाल धरला. भाटीला त्या दारावरून इतकं सुनावलं की भाटीनं स्वतःहून विम्याचे जुने कागद काढून दाखवले: बाइक घासली होती, बाकी गाडी साफ होती. सूर्यकांतनं ते कागद दोनदा वाचले. कुठं तरी काही सापडावं अशी त्याची फार इच्छा होती. सापडलं नाही.

"डिझेल कैंसल?" भाटीनं विचारलं.

"कैंसल."

"अच्छी गाड़ी थी, सर."

"मालूम है."

टेबलावर भाटीचा छापील फॉर्म आला. नाव, वडिलांचं नाव. मग दोन चौकटी, एक सध्याच्या पत्त्याची आणि एक कायमच्या पत्त्याची. कायमचा पत्ता म्हटला की सूर्यकांतचं पेन आजवर कधी अडलं नव्हतं. मुक्काम पोस्ट, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, हे हात आपोआप लिहायचा. आज वरची चौकट भरून तो थांबला. त्याच्या मागं आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"दोनों सेम लिख दूँ, सर?" भाटीनं पेन मागायला हात पुढं केला.

"लिखो," सूर्यकांत म्हणाला, आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

पुढच्या शनिवारी गाडी मिळाली. हेमलता चालवायला बसली, अपूर्वा मागं. नोएडाहून दिल्लीत येणाऱ्या डीएनडी पुलावर गाड्यांची रांग लागलेली, पुढं काहीतरी अडलेलं. सूर्यकांतनं एसी कमी केला, मग वाढवला.

"क्लच अर्धा दाबून ठेवू नकोस. जळेल."

"बरं."

"पिकअप नाही हिला. डिझेल असती तर चढावर कळलंसुद्धा नसतं."

"बरं."

"आणि ते मागचं दार वाजतंय."

"बाबा, ते मी वाजवतेय," अपूर्वा म्हणाली. तिचा पाय दाराला लागत होता. तिनं पाय काढला.

दार तरीही वाजत होतं. हेमलतेनंही ऐकलं, अपूर्वानंही ऐकलं. पुढची गाडी हातभर सरकली. सूर्यकांत मागं वळून त्या दाराकडं बघत राहिला.

"उद्या बघतो त्याचं," तो म्हणाला. "घरी ड्रिल मशीन आहे का आपल्याकडं?"

"आपल्याकडं कुठलं ड्रिल मशीन? भिंतीत एक खिळा तरी ठोकलाय का कधी?" हेमलता म्हणाली आणि पहिला गिअर टाकला.