सुताराला सांगितलेले दोन पाळणे

सातव्या महिन्यातच बायकोचं पोट नवव्यासारखं दिसायला लागलं, आणि कुणी विचारलं नसताना मी जुळं असल्याचं जाहीर करून टाकलं. आमच्याकडे मूल जन्मायच्या आधी पाळणा करत नाहीत. मी उंब्रजच्या सुताराला दोन सांगून आलो.

डॉक्टरीणबाईंना मात्र ते पोट खटकलं. "बाळाभोवती पाणी फार आहे. मिरजेला फोटो काढून घ्या."

मिरजेच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला. मी दोन डोकी शोधत होतो.

"मूल एकच आहे," ते म्हणाले. "पण मान बघा. पोटात मूल हनुवटी छातीशी घेऊन असतं. याचं डोकं पार मागं पडलंय. गळ्यापुढं गाठ असावी. तिच्यामुळं त्याला पाणी गिळता येत नाही, म्हणून ते साठलंय. फोटोत हाडं दिसतात, मांस दिसत नाही, त्यामुळं खात्री आत्ता देता येत नाही. ऑपरेशन करूनच बाळंतपण करू. नाळ कापली की श्वास त्याचा त्यानं घ्यायचा. गाठीनं वाट दाबलेली असली तर..."

त्यांनी फोटो पाकिटात घातला. पुढचं मला ऐकू आलंच.

बाहेर बाकावर बायको म्हणाली, "आवं, श्वास घ्या की. तुमचाच अडकलाय."

या पाळण्यांनीच घात केला, असं माझ्या मनानं घेतलं. मी सुताराला निरोप धाडला: काम थांबव.

ऑपरेशनच्या दिवशी मी दाराला कान लावून रडण्याची वाट बघत होतो. भांड्यांचे आवाज आले, पळापळ ऐकू आली. रडणं नाहीच. मी तिथंच फरशीवर बसलो.

डॉक्टर आले. "मुलगी आहे. घशात नळी घातलीय, म्हणून आवाज नाही. श्वास चालू आहे. गाठ आहेच, ती काढू. पण अंगानंही ती मापाबाहेर मोठी आहे, जीभ तोंडात मावत नाही. काही मुलांची वाढ मुळातच अशी असते. गाठही त्यातलीच असेल. पुढंही तपासायला आणत राहा."

गाठ निघाली. पुढं नळीही निघाली, आणि गळ्याला पट्टी बांधलेली लेक पहिल्यांदा रडली. तिच्यामागोमाग मीही.

बायको तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "त्या सुताराला परत निरोप धाडा. दोन्ही पाळण्यांचं लाकूड एकातच घाल म्हणावं. ही साध्यात मावायची न्हाई."